पूर, ताग आणि मीठ

दहावीतलं सांख्यिकीचं प्रकरण आठवतं? मध्य, मध्यक, बहुलक! हमखास गुण मिळायचे, म्हणून आपण सगळेच ते खुशीनं करायचो. पण याच आकडेमोडीवर सरकारं निर्णय घेतात, गावं बुडतात किंवा वाचतात, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असेल असं वाटत नाही. मला ते कळलं फार उशिरा, प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याबद्दल वाचताना.

त्यांचा जन्म १८९३ चा, कोलकात्याचा. केंब्रिजला पदार्थविज्ञान शिकून १९१५ मध्ये ते सुट्टीसाठी परत आले, तेव्हा सोबत 'बायोमेट्रिका' या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाचे अंक होते. बोटीवर ते वाचत आले आणि त्यातच गुंतले. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायचे पदार्थविज्ञान, पण मन आकड्यांत.

१९२२ मध्ये उत्तर बंगालात मोठा पूर आला. पुराचं पाणी अडवायला खर्चिक जलाशय बांधावेत, असा तज्ज्ञ अभियंत्यांचा विचार चालला होता. महालनोबीस यांनी सुमारे ५० वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी तपासल्या आणि दाखवून दिलं की जलाशयांचा काही उपयोग होणार नाही. पाण्याचा निचरा लवकर व्हायला हवा. चारच वर्षांनी ओरिसात ब्राह्मणी नदीला पूर आला. नदीचा तळ वर आलाय, तेव्हा बांधांची उंची वाढवा, असं अभियंत्यांचं म्हणणं. यांनी ६० वर्षांच्या नोंदी काढल्या, तर तळ वर आलेलाच नव्हता! नदीच्या वरच्या भागात धरणं बांधा, असं त्यांनी सुचवलं. पुढे महानदीवर हिराकूड धरण झालं, त्याच्या मुळाशी ही आकडेमोड होती. (मी स्वतः इंजिनिअर. हे दोन्ही प्रसंग वाचताना जरा ओशाळलेच.)

१९३१ मध्ये त्यांनी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली. बंगालात ताग किती पेरलाय, हे सरकारला हवं होतं. शेतन् शेत मोजायचं तर माणसं आणि पैसा अफाट लागणार. महालनोबीस म्हणाले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे थोडेच तुकडे निवडू आणि तेवढेच नीट मोजू. पण अधिकाऱ्यांचा विश्वास बसायचा कसा? एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवायच्या, एकीनं दुसरीला विचारायचं नाही. दोघींचे आकडे जितके वेगळे, तितकी चूक मोठी. आपली चूक किती असू शकते, हे आकड्यासोबतच सरकारपुढे ठेवायचं! सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर सांगते, हा प्रामाणिकपणा सोपा नाही.

माझी सर्वांत आवडती हकिगत १९४७ ची. दिल्लीत दंगली उसळल्या होत्या आणि लाल किल्ल्यात हजारो लोक आश्रयाला होते. जेवण पुरवणारे कंत्राटदार अवाढव्य बिलं लावत होते, आणि आत जाऊन डोकी मोजणं शक्य नव्हतं. काम महालनोबीस यांच्या संस्थेतल्या मंडळींकडे आलं. त्यांनी पुरवलेल्या तांदूळ, डाळ आणि मिठाच्या आकड्यांना माणशी खपानं भागलं. तीन उत्तरं आली. विश्वास ठेवला तो मिठावर! मीठ स्वस्त, त्याचा आकडा फुगवून कंत्राटदाराला काय मिळणार? आणि माणूस गरीब असो वा श्रीमंत, खातो साधारण तेवढंच मीठ.

स्वातंत्र्यानंतर ते मंत्रिमंडळाचे सांख्यिकी सल्लागार झाले आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. देशातला पहिला संगणकही त्यांच्याच संस्थेत आला. इथवर ते सरकारला आकडे देत होते. आता धोरणही आखू लागले. १९५६ ची दुसरी पंचवार्षिक योजना त्यांच्या गणितावर उभी राहिली, भर अवजड उद्योगांवर. मुंबईच्या वकील आणि ब्रह्मानंद या अर्थशास्त्रज्ञांनी हरकत घेतली की आधी अन्न-कापडाचं बघा. १९५७ पर्यंत परकीय चलनाची टंचाई जाणवू लागली. शेतात दोन तुकड्या पाठवणाऱ्या या माणसानं योजनेच्या वेळी दुसऱ्या तुकडीचं म्हणणं पुरेसं मनावर घेतलं नाही, असं मला वाटतं. माझा आदर त्यानं कमी होत नाही; फक्त वाचताना जीव थोडा हळहळतो.

७९ वा वाढदिवस एका दिवसावर असताना, २८ जून १९७२ ला ते गेले. नमुना पाहणीचे प्रगणक मात्र अजूनही दारोदार जातात आणि इतर प्रश्नांबरोबर घरात महिन्याला मीठ किती लागतं, तेही विचारतात.