गंधकाची कडी आणि सुखरूप बाळंतपण

राजारामपुरीतले प्रसूतिगृह असो की गावचे आरोग्य केंद्र, बाळ जन्मले की आईला एक इंजेक्शन देतात. गर्भाशय आवळते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. हे ऑक्सिटोसिन. प्रयोगशाळेत ते सर्वप्रथम बनवले अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विन्सेंट डू व्हिन्यो यांनी.

त्यांचा जन्म १८ मे १९०१ रोजी शिकागोत झाला. पहिल्या महायुद्धात शेतांवर माणसे कमी पडली, तेव्हा शाळकरी विन्सेंटने शेतावर राहून गाईंच्या धारा काढल्या. पान्हा ज्या हार्मोनमुळे सुटतो, त्याचाच उलगडा पुढे आपल्या हातून होईल, हे त्याच्या स्वप्नातही नसेल. १९२७ साली इन्सुलिनमधील गंधकावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. गंधकाचा माग मात्र आयुष्यभर सोडला नाही.

पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्येच दाखवले होते. डॉक्टर जनावरांच्या ग्रंथींचा अर्क वापरतही होते. पण त्यात रक्तदाब वाढवणारे व्हॅसोप्रेसिन मिसळलेले असे. दोन्ही हार्मोन्समध्ये नऊ-नऊ अमिनो आम्ले आणि त्यांतली सात सारखीच! त्यांना वेगळे करून ओळखण्यात डू व्हिन्यो यांची अनेक वर्षे गेली.

उत्तर गंधकापाशीच मिळाले. ऑक्सिटोसिनच्या साखळीत पहिले आणि सहावे अमिनो आम्ल गंधकयुक्त असते. हे दोन गंधक एकमेकांना धरतात, सहा मण्यांची कडी होते आणि उरलेले तीन मणी शेपटीसारखे राहतात. अशा कडीच्या रेणूला चक्रीय पेप्टाइड म्हणतात.

कडी बनवणे मात्र अवघड होते. साखळी गुंफताना गंधक मध्येच जुळू नयेत म्हणून त्यांना रासायनिक टोपी घालावी लागे. नंतर द्रवरूप अमोनियात सोडियम वापरून ती टोपी काढायची. मग अगदी विरळ द्रावणातून हवा सोडायची. द्रावण दाट असेल, तर एका रेणूचा गंधक शेजारच्या रेणूला जाऊन चिकटतो. १९५३ मध्ये हे साधले. गर्भाशयावरील परिणामात हे कृत्रिम हार्मोन नैसर्गिक हार्मोनसारखेच ठरले. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

ते तिथेच थांबले नाहीत. एकेक मणी बदलून कोणता कशासाठी लागतो, हे ते तपासत राहिले. त्याच वाटेने पुढे अवेळी येणाऱ्या कळा थोपवणारे ॲटोसिबान आले. ११ डिसेंबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

हे औषध जितके गुणकारी, तितकेच नाजूक. उष्णतेने त्याची शक्ती कमी होते, म्हणून ते साधारणपणे २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. कळांसाठी प्रमाणाबाहेर दिल्यास गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. त्यामुळे घरी कळा लवकर याव्यात म्हणून कुणाकडूनही हे इंजेक्शन टोचून घेऊ नये. ते दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.