अभंग चर्चमध्ये नेणारे आपल्या जिल्ह्यातले टिळक

टिळक म्हटलं की आधी लोकमान्य आठवतात. पण आपल्या जिल्ह्यात आणखी एक टिळक होऊन गेले. तेही रत्नागिरीकडचे, देशाचं वेडही तसंच. फक्त हे टिळक ख्रिस्ती झाले, आणि नगर-राहुरीत त्यांची बरीच वर्षं गेली. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' ही कविता ज्यांनी पाठ केली, त्यांना नारायण वामन टिळक हे नाव नवीन नाही. पण त्यांचं गाण्यातलं काम चर्चबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं.

त्यांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई जानकीबाई भक्तीची गाणी म्हणायच्या, ती लहानपणीच कानावर पडली. पुढे नाशकात संस्कृत शिकले. 1880 साली जलालपूरच्या गोखल्यांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. त्यानंतर आज ही नोकरी, उद्या ती. एका ठिकाणी पाय टिकत नव्हता. नाशिक काय, नागपूर काय, राजनांदगाव काय, सगळीकडे फिरले. धर्माचा शोध मात्र चालूच होता. शेवटी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरावर वीज पडल्यासारखं झालं. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांबरोबर पंढरपूरला राहिल्या. नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. नातेवाइकांनी संबंध तोडले. त्या काळात माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे साहेबाचा झाला, देशाला परका झाला, असंच लोक धरून चालायचे. धर्म बदलल्याची टीका टिळकांनी सोसली, पण देश सोडल्याचा ठपका त्यांना कधीच मान्य नव्हता.

आणि तो काळही तसाच होता. महाराष्ट्रात गणेशोत्सवाचे मेळे निघत होते, त्यात देशभक्तीची पदं गायली जात. 1905 ला बंगालची फाळणी झाली आणि 'वंदे मातरम्' देशभर पोचलं. विष्णू दिगंबर पलुसकरांनी 1901 ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढून शास्त्रीय गाणं दरबारातून लोकांत आणलं. म्हणजे आपण कोण, हे लोक गाण्यातून सांगायला लागले होते. मग अशा वेळी ख्रिस्ती माणसानं काय गायचं?

टिळक नगरला आले तेव्हा चर्चमध्ये इंग्रजी चालींचा जोर होता. अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून नगरला होतं. त्याच्या मंडळीत बहुतेक लोक खेड्यातले, महार-मांग समाजातले. परदेशी भजनांचं मराठी भाषांतर करायचं आणि ते मूळच्याच चालीत बसवायचं, अशी रीत. आता मराठी शब्दाला ऱ्हस्व-दीर्घाचा स्वतःचा तोल असतो. परक्या चालीत तो ओढला की अर्थच निसटतो. शिवाय ते गाणं चार आवाजांत बांधलेलं, त्याला ऑर्गन लागतो, हातात पुस्तक लागतं. वाचता न येणाऱ्या शेतमजुरानं ते म्हणायचं कसं?

अभंगाचं तसं नाही. एकानं ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती उचलायची. टाळ असला की झालं. चार वेळा ऐकलं की पाठ होतं. खेड्यातल्या ज्या लोकांनी मिशनचा धर्म घेतला, त्यांच्या घरात भजन पिढ्यान्‌पिढ्या होतंच. टिळकांनी हे ओळखलं आणि ओवी, अभंग, पदं यांत ख्रिस्ताची भक्ती लिहायला घेतली. तुकोबांवर त्यांची श्रद्धा इतकी, की तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते मानत.

ख्रिस्ती कीर्तन मात्र त्यांनी सुरू केलेलं नाही, हे सांगितलं पाहिजे. त्यांच्या आधी नगरच्याच कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी तो प्रयोग केला होता. टिळकांनी त्यात कवीचा हात घातला आणि ते वाढवलं. टाळ-मृदंग म्हणजे जुना धर्म परत आणणं, असं वाटणारेही होते. एकीकडे जुने आप्त म्हणणार हा बाटला, दुसरीकडे नव्या लोकांना शंका की हा अजून सुटला नाही. बाजाची पेटीही मुळात युरोपातूनच आली, आणि आज आपल्या देवळातल्या भजनाचं तिच्याशिवाय पान हलत नाही. वाद्य कुठून आलं यापेक्षा ते कुणाच्या हातात रुळलं याला जास्त किंमत असते, पण भांडणाच्या वेळी हे कोण ऐकतो.

लक्ष्मीबाई पुढे नवऱ्याकडे परत आल्या. 1900 साली राहुरीत त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. दुष्काळाचे दिवस होते, अनाथ पोरं दारात होती. त्या पोरांना घरची माणसं मानूनच दोघांनी संसार केला. बालकवी ठोंबरेही नगरला याच घरात राहिले. 1842 ला नगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन टिळकांनी 1912 नंतर केलं. हिंदुस्थानावरची त्यांची गाणीही याच हातातली. ख्रिस्ताची भक्ती आणि देशाची भक्ती त्यांनी दोन खणांत ठेवली नाही.

1917 ला त्यांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही तिथं जागा. मिशनच्या पैशावर जगत असताना आपलं गाणं आपलं म्हणवत नाही, असं बहुधा त्यांना वाटलं असावं. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 ला, मुंबईत ते गेले.

'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध चरित्र अर्धवट राहिलं होतं. लग्नाच्या वेळी अक्षरओळखही नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहीत नेलं. त्यांनी स्वतः कीर्तनंही केली. 'स्मृतिचित्रे'मुळे त्यांचं नाव तर नवऱ्याइतकंच मोठं झालं. 1936 ला त्या गेल्या.

मराठी चर्चच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात टिळकांची गाणी अजून आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या चर्चमध्ये रविवारी पेटी आणि ढोलकीवर ती म्हटली जातात. रस्त्यानं जाणाऱ्याला लांबून वाटतं, कुठंतरी भजन चाललंय.