विकताना एकी, मग घेताना एकटे का?

ऊस कारखान्याला जातो, दूध डेअरीला जातं, दोन्हींचं बिल हातात पडतं. पण त्यातलं किती किराण्यात जातं, हे तुम्ही कधी वहीत मांडून पाहिलंय का? माल विकताना आपण संस्थेत असतो. डाळ-तेल घेताना मात्र ज्याचा तो.

ही गळती वारणा खोऱ्यात एका माणसानं ओळखली. विश्वनाथ अण्णा कोरे, म्हणजे तुमच्या-आमच्या ओळखीचे तात्यासाहेब. जन्म १९१४ चा, गाव कोडोली, तालुका पन्हाळा. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला हा गडी पुढं सहकारात रमला. गावोगाव फिरून त्यांनी शेतकऱ्यांना भागधारक केलं. १९५९ मध्ये वारणा साखर कारखाना सुरू झाला आणि ओसाड माळावर वारणानगर वसलं. १९६८ मध्ये दूध संघ आला. शेतकऱ्याच्या घरात पैसा खेळू लागला.

इथंच बरेच पुढारी थांबतात. तात्यासाहेब थांबले नाहीत. पैसा नुसता मिळून भागत नाही, तो घरात टिकलाही पाहिजे. म्हणून १९७० च्या दशकात ग्राहकांच्या सहकारी संस्थेतून वारणा बाजार उभा राहिला. शहरासारखं मोठं भांडार खेड्यात आलं आणि त्याचे मालक गिऱ्हाईकच झाले. १९९४ मध्ये तात्यासाहेब गेले, पण हा धडा मागं ठेवून गेले.

यात जादू काही नाही. शंभर घरांचा माल एकदम घेतला की ठोक भाव मिळतो, मधले हात कमी होतात, वजनमापाची शंका राहत नाही. उरलेला नफा सभासदांचाच. इंग्लंडात रॉचडेल गावच्या २८ कामगारांनी १८४४ मध्ये पीठ, साखर, लोणी विकायला असंच दुकान काढलं होतं. जगभरचे सहकारी आजही त्यांचं नाव घेतात.

हिशेब करून पाहा. समजा महिन्याचा किराणा ४,००० रुपयांचा आहे आणि शेकडा ८ वाचले. महिन्याला ३२० आणि वर्षाला ३,८४० रुपये झाले. पोरांच्या वह्या-पुस्तकांना तेवढाच हातभार.

मात्र अशी दुकानं बुडतातही, आणि बहुतेक वेळा उधारीनंच. उधारीचे पोते सव्वा हात रिते, हे जुनं बोल खोटं नाही. संचालकांच्या घरचीच उधारी थकली, तर ती मागायची कोणी? म्हणून व्यवहार रोखीनं, हिशेब दरमहा फलकावर आणि खपेल तेवढाच माल, हे तीन नियम पहिल्या दिवसापासून हवेत. गावच्या दुकानदाराशी आपलं वैर नाही. अडीनडीला तोच उपयोगी पडतो.

सुरुवात लहान करा. दहा-वीस घरांनी मिळून सुगीत गहू, ज्वारी, तूरडाळ पोत्यानं घ्या आणि तेलाचे डबे एकत्र आणा. जमलं तर पुढं नोंदणी. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० प्रमाणं वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. चौकशी तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात करा. ग्रामसेवक आणि सोसायटीच्या सचिवांनीही हा विषय सभेत घ्यावा.

या महिन्यात एवढंच करा. किराण्याची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा आणि महिनाअखेरीला घरच्या कारभारणीसोबत बेरीज मारा. पुढचं काय ते ती बेरीजच तुम्हाला सांगेल.