पेट्रार्क आणि त्याचे प्राचीन मित्र

इटलीचा कवि पेट्रार्क १३०४ सालीं आरेत्सो येथें जन्मला. वडिलांनीं त्यास कायदा शिकावयास घातलें. परंतु त्याचें चित्त प्राचीन रोमन ग्रंथांतच रमे. १३४५ सालीं वेरोना येथें त्यास सिसरोचीं पत्रें सांपडलीं. ज्यास तो शांत तत्त्ववेत्ता मानीत असे, तो राजकीय कलहांत गुरफटलेला पाहून त्यास फार दुःख झालें. सुमारें १४०० वर्षांपूर्वीं मृत झालेल्या त्या मित्रास पत्र लिहून त्यानें त्याची कानउघाडणी केली, आणि दुसऱ्या पत्रांत त्याचे गुणही गाइले. होमरची ग्रीक पोथी त्यास वाचतां येत नसे, तरी ती तो उराशीं धरी. १३७४ सालीं आर्क्वा येथें तो निवर्तला. विद्यार्थ्यांनो, ग्रंथकारांशीं मैत्री अशीच असावी. दोष दिसल्यास स्पष्ट बोलावें, पण संगत सोडूं नये.