संत फ्रान्सिस झेवियर आणि चीनचे बंद दार

३ डिसेंबर रोजी आपण संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण साजरा करतो. अमरावती-अकोल्यापासून यवतमाळ-बुलढाण्यापर्यंत पसरलेल्या आपल्या धर्मप्रांताचे कॅथेड्रल त्यांच्याच नावाने आहे. गोव्याला जाऊन त्यांच्या शवाचे दर्शन आपल्यापैकी अनेकांनी घेतले असेल. पण हा संत मरण पावला तो गोव्यात नव्हे. ज्या देशात शिरण्याची परवानगी त्याला मिळाली नाही, त्या देशाच्या दारात तो गेला.

फ्रान्सिस ह्यांचा जन्म १५०६ सालचा, स्पेनकडील नव्हारा प्रांतातला. १५४२ च्या मे महिन्यात ते गोव्यात उतरले. पुढे जपानमध्ये काम करताना चीनला गेले पाहिजे, हे त्यांच्या मनाने घेतले.

त्या काळी चीनमध्ये मिंग घराण्याचे राज्य होते. परवान्याशिवाय परदेशी माणसाला किनाऱ्यावर पाऊल ठेवता येत नसे. सापडला तर कॅन्टनचा तुरुंग. हा कायदा आपल्याला कठोर वाटेल, पण त्याला कारणे होती. किनाऱ्यावर चाचे लूटमार करीत. पोर्तुगीजांनीही १५१९ च्या सुमारास न विचारता तेथे किल्ला बांधून दांडगाई केली होती. घरात आलेला पाहुणा असा वागला तर घरधनी दाराला कडी लावणारच.

म्हणून फ्रान्सिस ह्यांनी आधी सरळ मार्ग धरला. गोव्याच्या व्हाइसरॉयने दिओगो परेरा ह्या व्यापाऱ्याला राजदूत नेमले. त्याच्यासोबत रीतसर जायचे, सम्राटाला भेटायचे आणि कॅन्टनच्या तुरुंगातले कैदी सोडवायचे, असा बेत होता. तो मोडला चिनी अंमलदाराने नव्हे, पोर्तुगीजानेच! मलाक्काचा अधिकारी आल्वारो द आताईद, वास्को द गामाचा मुलगा, ह्याने जहाजाचे सुकाणूच काढून घेतले. शेवटी जहाज सुटले, पण राजदूताला मागे ठेवून. आता फ्रान्सिस ह्यांच्या हाती अधिकृत असे काही उरले नाही.

१५५२ च्या ऑगस्टअखेर ते सांचियन बेटावर पोहोचले. चीनचा किनारा तेथून सुमारे १४ किलोमीटर. मिरीच्या मोबदल्यात रात्री लपवून कॅन्टनला नेण्याचे एका चिनी व्यापाऱ्याने कबूल केले. पकडला गेला असता तर त्याच्याही जिवावर बेतले असते. तो आलाच नाही. थंडी वाढली, जहाजे परतू लागली. २१ नोव्हेंबरला फ्रान्सिस ह्यांना ताप भरला आणि ३ डिसेंबरच्या पहाटे झोपडीत त्यांनी प्राण सोडला. वय ४६. उशाशी होता अँटोनिओ, गोव्यात शिकलेला एक चिनी तरुण.

त्याच वर्षी ऑक्टोबरात इटलीत मत्तेओ रिची जन्मले. येशूसंघाचे हे धर्मगुरूही गोव्यात राहिले, पण मकावला बसून आधी चिनी भाषा शिकले आणि १५८३ साली फादर रुज्जिएरी ह्यांच्याबरोबर चिनी अधिकाऱ्यांच्या परवानगीने आत गेले. १६१० साली ते पेकिंगमध्ये वारले, तेव्हा त्यांच्या दफनासाठी सम्राटाने जागा दिली.