खाडीपलीकडचा दुभाषा

आजचं वाचन : मार्क १२:२८-३४

सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, असं शास्त्री प्रभूला विचारतो. उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. मी दरवेळी अडतो ते त्यातल्या पूर्ण या शब्दापाशी. नोकरी, लोकल, हप्ते यातून उरलेलं मन देवाला, असा आपला हिशेब. आज भाईंदरच्या खाडीपलीकडच्या एका माणसाबद्दल लिहितो. त्यांनीही बरीच वर्षं धंदा केला होता.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइट फादरांकडे ते शिकले आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर थेट जपानला गेले. तिथली भाषा त्यांना छान अवगत झाली. धर्मशिक्षक म्हणून सुमारे आठ वर्षं राबले. मनात इच्छा एकच होती, जेझुइट संघात प्रवेश मिळावा. तो काही मिळाला नाही.

एवढ्या वर्षांनंतर नकार! आपण असतो तर चर्चची पायरी तरी चढलो असतो का, देव जाणे. गोन्सालो व्यापारात उतरले, आणि व्यापार चालला बरं का, चांगलाच चालला. आयुष्य तसंच पुढे गेलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. श्रद्धाळू, सुखवस्तू व्यापारी, यात वाईट काय? पण त्यांचं मन त्यात रमेना. पुढे मनिलात फ्रान्सिस्कनांशी ओळख वाढली, तेव्हा चालता धंदा सोडून ते त्यांच्यात साधे ब्रदर झाले. फादर ते कधीच झाले नाहीत.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाले. दुभाषा हवा होता. झालं! नकार मिळण्याआधी शिकलेली आणि व्यापारात वापरलेली ती भाषा आता प्रभूच्या कामी आली. क्योतोत त्यांनी चर्च उभारलं, कुष्ठरोग्यांची सेवा केली.

१५९६ च्या अखेरीस वारं फिरलं. हिदेयोशीच्या हुकमाने अटक झाली. कैद्यांचे डावे कान कापून त्यांची धिंड काढली आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवलं. सुमारे महिनाभर चालत होते! ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकलं. त्यात बारा वर्षांचा एक मुलगाही होता, आणि आपले वसईकर गोन्सालो, वय चाळिशीचं.

१८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे. आणि भाईंदरहून रो-रोने पलीकडे गेलात, तर बोट ज्या किल्ल्याजवळ लागते, तिथेच त्यांनी पहिली अक्षरं गिरवली.