संत जोसेफ वाझ : जसा उपदेश तसे आचरण

ज्युबिलीच्या ह्या मंगलप्रसंगी आपल्या मंदिराकडे पाहून आम्हां सर्वांचे अंतःकरण कृतज्ञतेने भरून येते. अशा वेळी, ज्यास वर्षानुवर्षे उघडपणे मिस्सा करण्यास वेदीही मिळाली नाही, तरी ज्याने मरू घातलेली एक ख्रिस्तसभा जगविली, त्या पुण्यपुरुषाचे चरित्र आम्ही थोडक्यात सादर करीत आहोत.

संत जोसेफ वाझ ह्यांचा जन्म गोव्यात, साष्टीतील बाणावली गावी, २१ एप्रिल १६५१ रोजी झाला. इ. स. १६७६ मध्ये त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढल्याच वर्षी त्यांनी एक पत्र लिहून स्वतःस पवित्र मरियेचे दास म्हणून अर्पण केले. १६८१ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी कानडा प्रांतात विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांची सेवा केली. परत आल्यावर जुने गोवे येथे एकत्र राहणाऱ्या काही एतद्देशीय धर्मगुरूंना ते १६८५ मध्ये जाऊन मिळाले, व त्यांच्या नेतृत्वाखाली त्या मंडळीस ओरेटरीचे रूप आले.

परंतु त्यांचे चित्त सिलोन बेटाकडे लागले होते. वलंदेजांनी १६५६ मध्ये कोलंबो व १६५८ मध्ये जाफना घेऊन पोर्तुगीजांची सत्ता तेथून घालविली, आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली. सुमारे तीस वर्षे तेथील कॅथलिक लोक मेंढपाळावाचून राहिले. हे ऐकून फादर वाझ १६८६ मध्ये गोव्याहून निघाले व पुढील वर्षी जाफन्यास पोहोचले. ते मजुराच्या वेषात होते, आणि प्रवासाच्या हालांमुळे आजाराने जर्जर झाले होते. अंगी त्राण आल्यावर त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि ते दारोदार भिक्षा मागू लागले. ती माळ पाहून ज्यांच्या मुद्रेवर ओळख उमटे, ते आपले लोक, हे त्यांस कळे. मग रात्री गुप्तपणे मिस्सा व कुमसार होत. १६८९ च्या नाताळात वलंदेजांनी धाड घालून पुष्कळ श्रद्धावंतांस पकडले. फादर वाझ मात्र त्यांच्या हाती लागले नाहीत.

१६९२ मध्ये ते कँडीच्या राज्यात गेले असता पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांस कैदेत टाकण्यात आले. तेथे ते खिन्न होऊन बसले नाहीत. त्यांनी सिंहली भाषा आत्मसात केली, व परवानगी मिळताच एक झोपडीवजा देऊळ उभारून बंदिवानांची सेवा आरंभिली. त्यांचे निष्कपट वर्तन पाहून राजा विमलधर्मसूर्य ह्याचा संशय हळूहळू फिटला आणि त्याने त्यांस आपल्या राज्यात धर्मकार्याची मोकळीक दिली. पुढे कँडीत देवीची साथ आली. राजासुद्धा नगर सोडून गेला. घरच्यांनी टाकलेल्या रोग्यांजवळ फादर वाझ राहिले. त्यांनी त्यांस अन्न भरविले, त्यांच्या जखमा धुतल्या, मृतांस मूठमाती दिली. आणि हे करताना रोगी बौद्ध आहे की ख्रिस्ती, हे पाहिले नाही. बिशपपदाची गोष्ट निघाली, तेव्हा त्यांनी ती नम्रपणे नाकारली. गोव्याहून आलेले सहकारी धर्मगुरू हाताशी घेऊन त्यांनी सर्व बेटभर धर्मकार्याची घडी बसविली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे ते प्रभुचरणी विलीन झाले. पुण्यपिता दुसरे जॉन पॉल ह्यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी त्यांस धन्य घोषित केले, व पुण्यपिता फ्रान्सिस ह्यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे संतपद दिले.

वाचकहो, ह्या चरित्रात आम्हांस सर्वांत मोठी वाटते ती एक गोष्ट. भिकारी असता, कैदी असता, राजाच्या मर्जीतला असता, हा मनुष्य एकच होता. त्यांचा धर्म रविवारी एक आणि सोमवारी दुसरा, असा नव्हता. म्हणूनच त्यांचे बोलणे लोकांस पटले. आम्ही स्वतः बरीच वर्षे वेदीवरून उपदेश करीत आलो. तथापि थकल्या संध्याकाळी आजाऱ्याचे बोलावणे आले असता आमच्या कपाळी आठी पडलेली आहे, हे आम्ही कबूल करतो. तुम्हीही आपापल्या घरात, शेतात, कचेरीत स्वतःस विचारून पाहा : आपल्या शेजाऱ्यास आपण ख्रिस्ती आहोत हे गळ्यातील माळेवरून कळते, की वागण्यावरून?

संत जोसेफ वाझ ह्यांची कबर आज नेमकी कोठे आहे, हे कोणासही ठाऊक नाही. परंतु श्रीलंकेतील ख्रिस्तसभा जिवंत आहे, तेच त्यांचे स्मारक होय. आमच्या पश्चातही ह्या धर्मग्रामात भिंतींपेक्षा अधिक टिकाऊ असे काही उरो, एवढीच ह्या संताच्या मध्यस्थीने प्रभुचरणी आमची प्रार्थना.